वरसाव्याच्या पुलापर्यंत

गाडी बंद पडली की लोक आधी बाईकडे बघतात, मग गाडीकडे. गाडी अठ्ठ्याण्णव सालची आणि बाई हेल्मेट घालून मासळीच्या डब्यासकट उभी, असं असलं तर मग विचारूच नका. भाईंदरच्या उड्डाणपुलाच्या चढावर मी महिन्याभरात चार वेळा अशी उभी राहिले. दर वेळी कोणीतरी काच खाली करून "मॅडम, पेट्रोल चेक करो" असं सांगून पुढे गेला. अरे बाबा, मी गॅरेजवाल्याची पोरगी आहे. पेट्रोल बघायचं असतं हे मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून माहीत आहे.

माझं नाव जागृती. वडील परशुराम, मूळचे संगमेश्वरकडचे. केबिन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. गुडघे गेले तसे ते गावी गेले, आणि जाताना स्वतःची शंभर सीसीची गाडी माझ्या नावावर करून गेले. सासर माझं भाईंदरजवळच्या मुर्ध्याचं, कोळ्यांचं. नवरा निकेत मोठ्या बोटीवर असतो, एकदा गेला की दहा-दहा दिवस फोनलाही लागत नाही. घरी सासूबाई हंसा, सासरे राघो, आणि माझे थोरले दीर हरिश्चंद्र. ह्या हरिश्चंद्र भावजींबद्दलच सांगायचंय, पण जरा दम धरा, नाहीतर माझा तोल आत्ताच जाईल.

सासूबाई पस्तीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासळी विकतायत. मी लग्न होऊन आले आणि दोन वर्षांनी फोनवर ऑर्डर घ्यायला लागले. साफ करून, कापून, बर्फात घालून, थेट दारात. तीन वर्षांत पूर्वेला आणि मीरा रोडला माझी बेचाळीस घरं झाली. काही सोसायट्यांत लिफ्टमध्ये मासळीचा नुसता वास आला तर सेक्रेटरी ग्रुपवर निबंध लिहितो. म्हणून माझा डबा असा बंद असतो की आत बोंबील आहेत का बेसन, कुणाला कळायचं नाही. ही घरं मला कुणी आंदण दिली नाहीत. एकेका घरी तीन-तीन वेळा जाऊन, "आज नको" ऐकून, परत जाऊन मिळवलीत.

मागच्या दिवाळीत भावजींनी टेम्पो घेतला. टेम्पो अर्धा दिवस नुसता उभा. मग उभ्या टेम्पोला माझी बेचाळीस घरं दिसायला लागली. "तू कशाला उन्हातान्हात फिरतेस? तू घरी बसून मासळी साफ कर, वाटायचं मी बघतो." हे ते इतकं गोड बोलायचे की शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस हो. डोंबलाचं नशीब! ज्याच्या हातून मासळी दारात जाते त्याचं गिऱ्हाईक असतं. दोन महिन्यांत बायका "हरिश्चंद्र भाऊ, आज काय आणलंय" विचारायला लागल्या असत्या आणि मी मोरीपाशी खवले काढत बसले असते. मी नाही म्हणाले. एकदा नाही, चार वेळा नाही म्हणाले.

आणि तेवढ्यात गाडीनं दगा दिला.

गणपती झाल्यावर सुरू झालं हे. मुर्ध्यातून निघताना गाडी मस्त. तीन-चार किलोमीटर झाले की ओढायची बंद. मूठ कितीही पिळा, आवाज आपला खाली बसत जायचा आणि फुस्स. बाजूला घ्यायची, टाकीचं झाकण उघडून आत बघायचं. पेट्रोल आहे. झाकण लावायचं, दोन किका मारायच्या, चालू! परत तीन-चार किलोमीटर, परत फुस्स.

हे पेट्रोल पोचत नसल्याचं लक्षण आहे. टाकीत आहे, इंजिनाला मिळत नाही. एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. मी काही नुसती डोक्याला हात लावून बसणारी नाही. प्लग काढून बघितला, करंट निळाशार. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक खोलला, त्याची जाळी धुतली. कार्बोरेटर उतरवला, त्याच्या वाटीत चिमूटभर गंज मिळाला. मला वाटलं, सापडला चोर. जेट फुंकून साफ केले, फ्लोट हलवून बघितला, पेट्रोलची नळी नवीन घातली. मग नळीचं तोंड बाटलीत धरून कॉक उघडला. अशी धार लागली की बाटली बघता बघता भरली. बाबा शिकवायचे तसंच सगळं केलं मी. त्यांचा नियम होता, हत्याराला हात लावायच्या आधी टाकी उघडायची, आत बघायचं, झाकण सीटवर ठेवायचं आणि सगळं काम संपलं की शेवटी लावायचं. गॅरेजमध्ये चार गाड्या एकदम उघड्या असायच्या. झाकण ज्याच्या त्याच्या सीटवर असलं की हरवत नाही, आणि बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी उड्डाणपुलावर परत फुस्स.

गावी फोन लावला. बाबा म्हणाले, "कार्बोरेटर परत काढ. कचरा लपून बसतो." परत काढला. एकूण पाच वेळा काढला. शेवटी हात टेकले आणि स्टेशनजवळच्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं गाडीकडे बघण्याआधी माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला, "मॅडम, इंजन बैठ गया है. गरम होके पकड़ता है. बोअर करना पड़ेगा, नहीं तो भंगार में दे दो." इंजिन पकडलं असतं, आतल्या आत जाम झालं असतं, तर ते दोन किकांत सुटलं असतं का रे? पण त्याला कुठे शिकवत बसू. त्याच्या हाताखालचे दोघे फिदीफिदी हसत होते. मी गाडी तशीच काढली. घरापर्यंत तीनदा ढकलली.

आता भावजींचं आयतं फावलं. शनिवारी संध्याकाळी मी अंगणात गाडीपाशी बसले होते, हात काळे, केस विस्कटलेले. सासूबाई ओट्यावर उद्याच्या ऑर्डरची कोळंबी सोलत होत्या. सासरे कोपऱ्यात बिडी ओढत होते. ते सत्तरीचे, आता बोटीवर जात नाहीत, पण घरातलं काहीही मोडलं की कुणाला न विचारता स्वतःच ठोकून ठेवतात. बोलतात फार कमी.

भावजी आले, गाडीच्या टायरला पाय लावला. मला ते लागलं. कुणाच्या गाडीला असा पाय लावतात का?

"गेली न तुझी गाडी," ते म्हणाले. "मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. उद्या येल. तुझी घरं उद्यापासून टेम्पोत."

"कुणाला विचारून सांगितलंत?"

"विचारायचं काय त्यात? रस्त्यात बंद पडतेस, लोक मला येऊन सांगतात, तुमच्या घरची सून पुलावर उभी हाय. इज्जतीचा सवाल हाय."

"गाडी बंद पडली तर इज्जत जाते? मग तुमचा टेम्पो जूनमध्ये चिखलात रुतला तेव्हा काय गेलं होतं?"

सासूबाई हसल्या आणि लगेच कोळंबीकडे बघायला लागल्या. भावजींचा पारा चढला.

"एवढी अक्कल हाय ना तुला? मग उद्या सकाळी वरसाव्याच्या पुलापर्यंत जाऊन ये. मधी एकदा पण बंद पडली न्हाय, तर गाडी तुझी, घरं तुझी, मी तोंड उघडणार न्हाय. पडली, तर गाडी भंगारात नि घरं टेम्पोत. हाय कबूल?"

इथंच माझा राग मला नडतो. शांत डोक्याची बाई म्हणाली असती, भावजी, चहा घ्या. मी म्हणाले, "कबूल!" वर म्हणाले, "आणि माझ्याबरोबर साक्षीदार द्या. मागून म्हणाल, खोटं बोलली."

"आई जाईल," भावजी म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली कोळंबी खाली पडली. पण त्यांचं बरोबर होतं. आमच्या सासूबाई मासळीचा भाव सोडला तर कशातच खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या मुर्ध्याला माहीत आहे.

रात्रभर मी कूस बदलत होते. मीच माझी बेचाळीस घरं एका बंद पडणाऱ्या गाडीवर लावून बसले होते. निकेत असता तर म्हणाला असता, तुला कोणी सांगितलं होतं? आणि मी त्यालाही फाडून खाल्लं असतं.

रविवारी सहाला निघालो. रविवार म्हणजे माझ्या सगळ्यात जास्त ऑर्डरी, पहिली शुभदाताईंची, साडेनऊला. सासूबाईंना निकेतचं हेल्मेट घातलं. आतल्या अबोलीच्या वेणीसाठी त्या दहा मिनिटं हटून बसल्या, शेवटी वेणी काढून पिशवीत ठेवली. एका बाजूला पाय टाकून मागे बसल्या आणि माझी कंबर अशी धरली की श्वास घ्यायची पंचाईत. "हळू चालव गो. मी मासळी न्हाय डब्यात घालायला," असं वर. मी आधी पंपावर गेले आणि टाकी काठोकाठ भरली. म्हटलं, पेट्रोल कमी होतं, असं कारणच राहू नये.

उड्डाणपूल चढली. मस्त. उतरली. मस्त. मला वाटलं, झालं, देव पावला. गोल्डन नेस्टच्या सिग्नलपाशी आवाज बसायला लागला. मी मूठ सोडली, पिळली, परत सोडली. "चल ना गं बाई, चल." फुस्स.

पंपापासून तीन किलोमीटरही झाले नव्हते. टाकी फुल, आणि नेहमीपेक्षाही लवकर!

मी खाली उतरले, सवयीनं झाकण उघडलं, आत बघितलं, पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं. दोन किका. चालू. पण अट तर मोडली होती. एकदा पण नाही, असं ठरलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी हेल्मेटची काच खाली ओढून लपवलं.

"परत फिरायचं काय गो?" सासूबाईंनी मागून विचारलं. आवाज मऊ होता, त्यानं मी जास्तच भडकले.

"नाही फिरायचं! हरलेच आहे तर पुलापर्यंत जाऊन हरते. घट्ट धरा."

काशिमीऱ्याच्या अलीकडे दुसऱ्यांदा बंद पडली. रिक्षावाला बघत होता, त्याला म्हणाले, "क्या है? कभी गाड़ी नहीं देखी?" तो बिचारा पुढे गेला. झाकण, पेट्रोल, किक, चालू. हायवेला लागलो. कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि सासूबाई मागे एकवीरा आईचं नाव घेत होत्या. वरसाव्याचा पूल समोर दिसायला लागला आणि तिसऱ्यांदा फुस्स.

मी गाडी कडेला घेतली. सासूबाई उतरल्या, कंबर धरून "अगं आये" म्हणाल्या, हेल्मेट नि पिशवी टाकीवर ठेवून कडेच्या दगडावर टेकल्या. मी गाडीला लाथ मारली. हो, मारली. भावजींनी पाय लावला तेव्हा राग आला होता, आणि आता मीच. मग त्याचाही राग आला.

टाकीवर ती पिशवी होती, आणि खरं सांगू, झाकण उघडून परत तेच पेट्रोल बघायची मला इच्छाच राहिली नव्हती. मी थेट खाली वाकले आणि कार्बोरेटरची नळी ओढून काढली. कॉक चालू होता. नळीतून चार थेंब पडले आणि बंद. कोरडी. कॉक रिझर्व्हवर केला. कोरडी.

मी तिथंच उकिडवी बसले. डोक्यावर काठोकाठ भरलेली टाकी, खाली कोरडी नळी. घरी ह्याच नळीनं बाटली भरली होती. कॉक तोच, जाळी तीच, नळी तीच. मग तेव्हा आणि आता ह्यात वेगळं काय?

"आई, पिशवी उचला."

"का गो?"

"उचला हो आधी!"

त्यांनी उचलली. मी किल्ली फिरवून झाकण उघडलं, आणि ह्या वेळी कान तिथंच होता म्हणून ऐकलं. सुऽऽस. टाकीनं हवा आत ओढली, बुडता बुडता वर आलेला माणूस ओढतो तशी. आणि खाली नळीतून पेट्रोल भळाभळा माझ्या पायावर.

मी झाकण लावलं. सासूबाईंची पाण्याची बाटली रिकामी करून नळीखाली धरली. धार होती, बारीक झाली, अजून बारीक झाली, थेंब थेंब, बंद. झाकण उघडलं, सुऽऽस, परत धार. लावलं, बंद. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला वेड्यासारखी हसत होते. सासूबाई घाबरून उठल्या.

"काय झालं? बरी हायेस ना?"

"आई, टाकीला हवाच मिळत नाहीये! आत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली येत नाही!"

मला वाटलं आता ह्यांना समजावण्यात अर्धा तास जाईल. सासूबाई म्हणाल्या, "मग त्यात काय? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय का? दुसरं पाडावंच लागतंय. तुमच्या गाडीला दुसरं भोक न्हाय?"

आहे ना! झाकणातच असतं, सुईएवढं. आणि मी महिनाभर काय केलं? प्रत्येक वेळी आधी झाकण उघडलं, सीटवर ठेवलं, आणि उघड्या टाकीनं सगळ्या तपासण्या केल्या. उघड्या टाकीत हा दोष सापडणार कसा? रस्त्यातही पेट्रोल बघायला म्हणून झाकण उघडायचे, टाकी भरभरून हवा घ्यायची, गाडी चालू व्हायची, आणि मला वाटायचं किकेनं झाली. आज टाकी काठोकाठ, म्हणजे आत मुळात हवाच कमी, म्हणून आणखी लवकर पडली. बाबांच्या शिस्तीनं माझ्या डोळ्यांवर महिनाभर झापडं बांधली होती. मी झाकण कधी उलटं करून बघितलंच नव्हतं.

आता बघितलं. आतल्या बाजूला काळं रबर होतं. वरवर बघितलं तर गाडीचंच वाटावं असं गोल, व्यवस्थित. नखानं उचकटलं तर निघालं. जुन्या ट्यूबमधून कापलेली चकती होती ती, आणि तिच्या खाली जाडसर पिवळट ग्रीस. भोक त्यात गुडुप.

सासूबाईंनी बोटानं ग्रीस घेतलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा बदलला.

"हे आपल्या बोटीचं ग्रीस हाय," त्या म्हणाल्या. "डिझेलच्या कॅनला असंच करतात, ट्यूबची चकती नि ग्रीस. लाटेचं पाणी जाऊ नये म्हणून. हे म्हाताऱ्याचं काम हाय, जागृती."

आणि मग आठवलं. गणपतीतल्या पावसात गाडी एकदा ठसकली होती, तेव्हा मीच जेवताना बोलले होते, झाकणाचं रबर गेलंय, टाकीत पाणी जातंय. सासरे भात कालवत होते. हूं नाही की चूं नाही. आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्त करून मोकळे.

सासूबाईंनी पोलक्याची सेफ्टी पिन काढून दिली. मी ग्रीस पुसलं, पिनेनं भोक मोकळं केलं, तोंडानं फुंकलं. हवा आरपार गेली. चकतीत मधोमध भोक पाडून ती परत बसवली, म्हटलं पाणीही अडेल आणि हवाही जाईल. मग नळी जोडली, एका किकेत चालू. पुलावर जाऊन खाडीकडे दोन मिनिटं बघितलं आणि वळले. काशिमीरा आलं, गेलं. गोल्डन नेस्ट आलं, गेलं. उड्डाणपुलाच्या चढावर मी मुद्दाम मूठ पिळली, गाडी अशी सुटली की सासूबाई मागून ओरडल्या, "मारतेस का मला?" घरापर्यंत एकदाही ठसकली नाही.

पण सबंध रस्ता माझ्या डोक्यात एकच. पुलापर्यंत जायचं, परत यायचं, मध्ये बंद पडायचं नाही. ती तर पडलीच होती.

अंगणात भावजी, ओट्यावर सासरे. शेजारची नीलिमा नळावर होती, तिनं हंडा भरला तरी नळ बंद केला नाही, एवढं तिला ऐकायचं होतं. भावजींनी मला विचारलंच नाही.

"आये, बंद पडली?"

सासूबाईंनी हेल्मेट काढलं. माझ्याकडे बघितलं नाही. "पडली. तीन येळा."

बाई, एकदा तरी मासळीचा भाव समजून बोलायचं होतंत! पण त्या पुढं म्हणाल्या, "नि हिनं रस्त्यातच बरी केली. येताना एकदा पण पडली न्हाय."

"ते मी विचारलं न्हाय. पडली ना? झालं तर मग."

मी झाकण काढलं आणि सासऱ्यांपुढे उलटं धरलं. वाटेत मी त्यांना काय काय बोलायचं ठरवलं होतं! महिनाभर रस्त्यात उभी राहिले, लोकांचं ऐकलं, पाच वेळा कार्बोरेटर काढला. पण त्यांनी चकती बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"टिकलंय ना?" ते म्हणाले. "पाणी जात व्हतं, तू बोल्लीस."

"बाबा, ह्याच्यामुळेच बंद पडत होती. टाकीला श्वास लागतो. तुम्ही नाक बंद केलंत तिचं."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बिडी ओट्याखाली टाकली, हात गुडघ्यांवर पुसले. "मंग चूक माझी हाय," ते भावजींना म्हणाले, मोठ्यानं, नळापर्यंत ऐकू जाईल असं. "गाडी चांगली हाय. मी बिघडवली, तिनं शोधली."

सत्तर वर्षांच्या माणसानं सगळ्यांसमोर असं म्हणणं सोपं नसतं. मला त्यांचा राग होता तो तिथल्या तिथं विरला.

भावजी हसले. मोठ्या मनाच्या माणसानं हसावं तसं हसले. "बाबाची चूक हाय तर गाडीचा दोष न्हाय. जा, जागृती, ठेव तुझी गाडी. ठेव घरं पण. मी ठेव बोलतोय."

नीलिमानं नळ बंद केला. सगळ्यांना वाटलं मिटलं. आणि मला मात्र आता खरा राग आला, शनिवारी आला होता त्याच्या दुप्पट.

"ठेव म्हणणारे तुम्ही कोण, भावजी?"

"काय?"

"गाडीच्या कागदावर माझं नाव आहे. घरं माझ्या पायांनी फिरून मिळवलीत. ती मी पणाला लावली हा माझा गाढवपणा. तुम्ही सांगितलंत आणि मी शाळेतल्या पोरीसारखी परीक्षा द्यायला वरसाव्यापर्यंत धावले. गाडी एकदाही पडली नसती तरी ती माझीच होती, आणि तीनदा पडली तरी माझीच आहे. तुमची अट मी मोडली. आणि आता तुमची परवानगीही मला नकोय."

"जास्त बोलतेस," भावजी म्हणाले.

"हो. अजून बोलीन. पण ऑर्डरी आहेत."

मी डबे बांधायला घेतले. सासऱ्यांनी दोरी माझ्या हातातून घेतली आणि गाठी स्वतः मारल्या. मी किक मारली. गाडी चालू झाली. भावजी ताडताड चालत गेले आणि त्यांनी टेम्पो काढला. मला वाटलं कुठेतरी निघाले. त्यांनी तो मुख्य रस्त्यावरून सरळ आमच्या गल्लीत घातला, आमच्या घरापर्यंत आणून वाट अडवून लावला, इंजिन बंद केलं, आणि आत तसेच बसून राहिले. आमची गल्ली एवढीच की टेम्पो उभा राहिला की मांजरसुद्धा भिंतीवरून जातं.

मी टेम्पोच्या समोर जाऊन गाडी उभी केली. हॉर्न मारला. त्यांनी मोबाइल काढून बघायला सुरुवात केली. मी गाडी बंद केली नाही. त्यांच्या मनात काय आहे ते मला स्पष्ट दिसत होतं, पडेल बंद, आत्ता पडेल. माझ्या घरच्यांच्या मनातही तेच असणार. खरं सांगते, माझ्याही मनात होतं.

पाच मिनिटं झाली. गाडी फटफटतेय. नीलिमा हंडा ठेवून आली, तिच्यामागे अजून चौघीजणी. दहा मिनिटं झाली. डब्यातल्या बर्फाचं पाणी माझ्या टाचेवर ठिबकायला लागलं. फोन वाजला, शुभदाताई. "जागृती, कुठे आहेस? मी मसाला लावायला बसलेय."

"निघालेय ताई," मी भावजींकडे बघत मोठ्यानं म्हणाले. "रस्त्यात एक टेम्पो बंद पडलाय. तो हलला की पोचतेच."

बायकांत एक फिसकन हसली. मग दुसरी. मग सासूबाईंचं हसणं ऐकू आलं, ते बाजारात पलीकडच्या टोकापर्यंत जातं तसलं. भावजींनी मोबाइल खिशात टाकला. मान वर केली. काचेतून आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी मूठ जरा पिळली, गाडी गुरगुरली आणि परत शांत फटफटत राहिली. बंद पडली नाही.

त्यांनी किल्ली फिरवली. टेम्पो वळवायला जागा नव्हतीच, त्यांना मुख्य रस्त्यापर्यंत सगळी गल्ली रिव्हर्सनेच जावं लागलं. मी पहिला गिअर टाकला. ते मागे मागे जात होते, आणि मी त्यांच्या समोर, त्यांच्या तोंडाकडे बघत, पुढे पुढे येत होते.